शेजारच्या पाच गाळ्यांचे ईमेल आमच्याच मेल सर्व्हरवर चालवायचे आहेत. कुठे अडेल?

गाळा_सतरा

भोसरी एमआयडीसीतल्या एका जॉबवर्क कंपनीचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क मी सांभाळते. मेल सर्व्हर ऑफिसमध्येच आहे. डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण), डव्हकॉट (खाती आणि मेल वाचणं), आरस्पॅमडी (स्पॅमची गाळणी) आणि वेबमेलला राउंडक्यूब. ८ जीबी रॅम, १ टीबीच्या दोन एसएसडी रेड १ मध्ये (दोन्हींवर तीच प्रत). स्थिर आयपी आहे, पीटीआर नोंद (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी) इंटरनेटवाल्याकडून करून घेतलेली आहे, अपलोड १० एमबीपीएस. आमची १४ खाती आहेत.

आता शेजारच्या पाच गाळ्यांना (प्लेटिंग, पावडर कोटिंग, टूल रूम, फॅब्रिकेशन आणि पॅकिंगची खोकी बनवणारे) हेच हवंय. आज सगळे फुकटच्या जीमेल पत्त्यांवर आहेत आणि मोठ्या कंपन्या व्हेंडर नोंदणी करताना स्वतःच्या डोमेनचा पत्ता मागतात. पाचांची मिळून १७ खाती होतील. आमचे मालक तयार आहेत, खर्च वाटून घ्यायचा आहे.

प्रत्येकाचं डोमेन वेगळं आणि आयपी एकच, हे चालेल का? पीटीआर तर एकाच नावाची आहे. भिंतीपलीकडून केबल टाकून त्यांना आमच्या नेटवर्कमध्ये घ्यावं की नको? आणि एखाद्याच्या कॉम्प्युटरमधून स्पॅम सुटला तर बाकीच्यांचं काय?

---

रांगेतला_मेल

३१ खाती तुमच्या मशीनला जड नाहीत. फक्त क्लॅमएव्ही (व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम) चालवत असाल तर त्याच्याकडे लक्ष ठेवा. व्हायरसची यादी नव्याने वाचताना तो जुनी आणि नवी अशा दोन्ही याद्या एकाच वेळी रॅममध्ये धरतो आणि तेवढ्यापुरती रॅम जवळजवळ दुप्पट खातो. ही दुहेरी वाचणी सेटिंगमधून बंद करता येते. यादी वाचून होईपर्यंत तपासणी थांबते एवढंच.

एक आयपी सहा डोमेनना चालतो. पीटीआरचं नाव पाठवणाऱ्याच्या डोमेनशी जुळायची गरज नसते. आयपीवरून नाव आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी निघाला पाहिजे, आणि हेलोमध्ये (समोरच्या सर्व्हरला पहिली ओळख देताना) सर्व्हर तेच नाव सांगत असला पाहिजे, एवढं बघा. पीटीआर एकच ठेवा. सहा नावांच्या सहा पीटीआर करण्याच्या भानगडीत पडू नका.

मात्र ते नाव तुमच्या कंपनीचं नको. हे आत्ताच ठरवा, नंतर बदलणं फार त्रासाचं होतं. पाचही शेजाऱ्यांच्या एमएक्स नोंदीत (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा हे सांगणारी) तेच नाव येणार, प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये तेच दिसणार आणि त्यांच्या फोनमध्ये सर्व्हर म्हणून तेच भरलेलं असणार. टूल रूमवाल्याच्या ग्राहकाने हेडर उघडला की त्याला तुमच्या कंपनीचं नाव दिसेल. एक तटस्थ डोमेन घ्या आणि 'मेल' हे उपनाव त्यावर करा. जोडणी सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्रही त्या एकाच नावाचं लागेल, सहा घ्यायची गरज नाही. एमएक्स कायम नावाकडे वळवायची. थेट आयपी टाकायचा नाही आणि ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या) नोंदीचंही असता कामा नये.

पोस्टफिक्समध्ये शेजाऱ्यांची डोमेन 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स'च्या यादीत टाका. 'मायडेस्टिनेशन'मध्ये, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या नावांच्या यादीत, तीच डोमेन चुकूनही टाकू नका. दोन्हीकडे असली तर पोस्टफिक्स लॉगमध्ये ओरडत राहतो आणि मेल भलत्या वाटेने जाऊन 'असं खातं नाही' म्हणून परत येतो. लॉगिनचं नाव पूर्ण पत्ता असू द्या. नुसतं 'सेल्स' ठेवलंत तर सहा ठिकाणी 'सेल्स' आहे.

आता डोमेनच्या नोंदी. एसपीएफमध्ये (डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा ती यादी) 'एमएक्स' आणि शेवटी 'वजा ऑल' (बाकी कोणी नाही) पुरे. आयपीचा आकडा लिहू नका. उद्या इंटरनेटवाला बदलला तर 'एमएक्स' लिहिलेल्या नोंदी आपोआप नव्या आयपीवर जातात, नाहीतर सहा डोमेनच्या सहा पॅनेलमध्ये शिरावं लागेल. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच हवी. शेजाऱ्याची आधीची वेबसाइट असेल तर तिथे होस्टिंगवाल्याने घातलेली एक नोंद सापडेलच. दुसरी टाकली की दोन्ही रद्द धरल्या जातात, त्यामुळे जुनीच दुरुस्त करा.

डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) किल्ली प्रत्येक डोमेनला वेगळी, २०४८ बिटची. इथे एक जागा हमखास चुकते. ती जिथे टाकायची त्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीतला एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा मोठा असू शकत नाही आणि २०४८ बिटची किल्ली त्याहून लांब असते. काही पॅनेल आपणहून दोन तुकडे करतात, काही मुकाट्याने शेपूट कापून टाकतात. नोंद टाकल्यावर बाहेरून 'डिग' कमांडने मागवा आणि शेवटची दहा अक्षरं फाइलमधल्या किल्लीशी ताडून बघा.

डीमार्क (एसपीएफ-डीकेआयएम पाठवणाऱ्याच्या डोमेनशी जुळले नाहीत तर समोरच्याने काय करायचं हे सांगणारी नोंद) आधी 'नन'वर (काही करू नका) ठेवून तीन-चार आठवडे अहवाल बघा, मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका). सगळे अहवाल तटस्थ डोमेनच्या एकाच खात्यात मागवणार असाल तर त्या डोमेनवर परवानगीची नोंद लागते. तिचं नाव असं बनतं: शेजाऱ्याचं डोमेन, मग 'अंडरस्कोर रिपोर्ट', मग 'अंडरस्कोर डीमार्क', मग अहवाल घेणारं डोमेन. मजकूर फक्त 'व्ही=डीमार्क१'. ही नसेल तर बरेच पाठवणारे अहवाल पाठवतच नाहीत आणि आपल्याला वाटतं सगळं सुरळीत आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने नियम कडक केले आहेत. जीमेलवर पाठवणाऱ्या कोणालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम, जुळणारी पीटीआर आणि टीएलएस (कुलूपबंद जोडणी) हवंच. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे. तुम्ही त्या आकड्याच्या जवळपासही नाही, तरी तिन्ही करून टाका.

---

तांबडी_वायर

केबलचं उत्तर: टाकू नका. शेजाऱ्यांनी आपापल्या इंटरनेटवरून सर्व्हरला जोडायचं. मेल वाचायला पोर्ट ९९३, पाठवायला ५८७ किंवा ४६५. बाहेरून येणारा मेल २५ वर येतो, पण शेजाऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये २५ कुठेही भरायचा नाही. बरेच इंटरनेटवाले ग्राहकाचा बाहेर जाणारा २५ बंदच ठेवतात.

केबल टाकलीत की दोन गोष्टी गळ्यात पडतात. पहिली, आज ना उद्या तीच केबल इंटरनेटसाठी वापरली जाणार, आणि आपली जोडणी दुसऱ्याला वाटणं इंटरनेटवाल्याच्या करारात बसत नाही. दुसरी, दोन गाळ्यांची अर्थिंग वेगळी असते. वेल्डिंग आणि प्लेटिंगचे रेक्टिफायर चालू असलेल्या दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकली की अर्थिंगमधला फरक त्या केबलवर येतो आणि पहिल्या वळवाच्या पावसात स्विचचे पोर्ट जातात. काही कारणाने जोडावंच लागलं तर फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोस्टफिक्समधली 'मायनेटवर्क्स' ही सेटिंग आत्ता उघडून बघा. स्कॅनर किंवा एखादं जुनं मशीन मेल पाठवू शकावं म्हणून तिथे अख्खं ऑफिसचं नेटवर्क लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी सापडतं. म्हणजे त्या नेटवर्कमधलं कुठलंही मशीन पासवर्डशिवाय जगाला मेल पाठवू शकतं. तिथे फक्त १२७.०.०.१ ठेवा आणि स्कॅनरला स्वतःचं खातं-पासवर्ड द्या.

१० एमबीपीएस अपलोडचा हिशोब करा. २० एमबीचं ड्रॉइंग मेलमध्ये गेलं की सांकेतिक रूपामुळे साधारण २७ एमबी होतं. शेजाऱ्याचे दोन कॉम्प्युटर आणि एक फोन ते उतरवून घेणार, म्हणजे ८१ एमबी तुमच्या अपलोडवरून. पूर्ण १० एमबीपीएस मिळाले तरी एक मिनिट आणि वर काही सेकंद लाइन भरलेली. दिवसाला अशी आठ-दहा ड्रॉइंगं असतील तर चालेल, त्याहून जास्त असतील तर अपलोड वाढवून घ्या.

आणखी एक. मेलच्या आकाराची पोस्टफिक्समधली मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट असते. त्यात प्रत्यक्ष फाइल सात-साडेसात एमबीचीच बसते आणि मोठी स्टेप (थ्रीडी ड्रॉइंगची) फाइल लगेच परत येते. मर्यादा ३५ एमबीच्या आसपास नेली की २५ एमबीपर्यंतची फाइल बसते.

भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, देखभालीसाठी वीजही बहुधा त्याच दिवशी जाते. सर्व्हर आणि राउटर मिळून ८०-९० वॅट खात असतील तर १५० एएचची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर दहा-बारा तास खेचतो. फायबरचा ओएनटी डबाही (फायबरची तार येऊन लागते तो) त्याच इन्व्हर्टरवर घ्या. तो राहून जातो, आणि सर्व्हर चालू पण लाइन मेली अशी गत होते. सर्व्हर पूर्ण बंद पडला तरी आलेले मेल हरवत नाहीत, पाठवणारे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पण काही तासांनी पाठवणाऱ्याला 'मेल अजून पोचला नाही' अशी सूचना जाते, आणि तो पाठवणारा ग्राहकाचा खरेदी विभाग असतो.

---

गाळा_सतरा

'मायनेटवर्क्स' बघितलं. अख्खं ऑफिसचं नेटवर्क होतं, काढलं. तटस्थ डोमेनचं पटलं.

अजून दोन गोष्टी. खोकीवाल्यांना दिवाळीच्या आधी दोन हजार पत्त्यांवर नवीन दरपत्रक पाठवायचं आहे. आणि प्लेटिंगवाल्यांचा आग्रह आहे की सगळा मेल त्यांच्या जुन्या जीमेलवर पुढे पाठवत जा, म्हणजे फोनवर काही बदलायला नको.

---

पाचशे_सत्त्याऐंशी

दोन्हीला नाही म्हणा. कारणं सांगतो, म्हणजे तुम्हाला शेजाऱ्यांना समजावता येईल.

दोन हजार पत्ते म्हणजे बहुतेक जुन्या डिरेक्टऱ्या आणि प्रदर्शनातली व्हिजिटिंग कार्डं. त्यातले बरेच पत्ते मेलेले असतात. एकाच आयपीवरून एका तासात शेकडो 'असं खातं नाही' असे निरोप यायला लागले की समोरचे सर्व्हर त्या आयपीकडे संशयाने बघतात, वर काही जण 'स्पॅम' हे बटण दाबतात. आयपी सहाही जणांचा आहे. पुढचे काही दिवस तुमची कोटेशनंही ग्राहकाच्या स्पॅम फोल्डरमध्ये जातील. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते हे. दरपत्रक पाठवायला घाऊक मेलची सेवा घ्यायला सांगा, तेही 'न्यूज' किंवा तशा वेगळ्या उपडोमेनवरून, आणि आधी यादी झाडून घ्या.

जीमेलवर पुढे पाठवण्याची अडचण वेगळी आहे. ग्राहकाचा मेल तुमच्या सर्व्हरवर येऊन तिथून जीमेलकडे गेला की जीमेलला तो तुमच्या आयपीवरून आलेला दिसतो आणि ग्राहकाच्या एसपीएफमध्ये तुमचा आयपी नसतो. एसआरएस या पद्धतीने पाकिटावरचा पत्ता (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पाठवणाऱ्याचा पत्ता) बदलता येतो, पण त्याने डीमार्कमधलं जुळणं भागत नाही, तिथे ग्राहकाच्या डीकेआयएमवरच भिस्त राहते. शिवाय गाळणीतून निसटलेला स्पॅमही तुमच्याच आयपीवरून जीमेलला पोचतो आणि खापर तुमच्यावर फुटतं. प्लेटिंगवाल्यांना फोनवर तेच ॲप ठेवायचं असेल तर अँड्रॉइडवरच्या जीमेल ॲपमध्ये आयमॅपने (सर्व्हरवरचा मेल वाचायची पद्धत) दुसरं खातं जोडता येतं. त्यांना फरकही कळणार नाही.

आता मूळ प्रश्न, स्पॅम सुटला तर. सहाही डोमेनच्या एसपीएफमध्ये एकच आयपी आहे. म्हणजे तुमच्या सर्व्हरवरचा कोणीही शेजाऱ्याच्या पत्त्याने मेल पाठवू शकला, तर जगाच्या दृष्टीने तो मेल अस्सल ठरेल. आत कोण कोणाचा पत्ता वापरतो हे एसपीएफला कळत नाही. ते कुलूप पोस्टफिक्समध्येच लावावं लागतं. 'सेंडर लॉगिन मॅप्स'मध्ये कुठल्या लॉगिनला कुठले पत्ते हे लिहायचं आणि ५८७ व ४६५ च्या 'सेंडर रिस्ट्रिक्शन्स'मध्ये 'रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच' टाकायचं. क्रम सांभाळा. 'परमिट सॅसल ऑथेंटिकेटेड' (लॉगिन केलेल्याला परवानगी) त्याच यादीत आधी असेल तर पोस्टफिक्स तिथेच 'ठीक' म्हणून थांबतो आणि पुढची अट कधी बघितलीच जात नाही. टूल रूमच्या खात्याने लॉगिन करून तुमच्या पत्त्यावरून पाठवून बघा. ५५३ आकड्याचा नकार आला पाहिजे.

हेही अर्धंच कुलूप आहे. ही अट पाकिटावरचा पत्ता बघते. माणसाला दिसतो तो आतला 'फ्रॉम', आणि तो वेगळा असू शकतो. बाहेरच्या जगात डीमार्क ते पकडतं. पण टूल रूमकडून फॅब्रिकेशनकडे जाणारा मेल सर्व्हरच्या बाहेर जातच नाही, आणि लॉगिन करून पाठवलेल्या मेलवर आरस्पॅमडी मूळ सेटिंगमध्ये एसपीएफ-डीमार्क तपासत नाही. तुमचे शेजारी एकमेकांना बिलं पाठवणार आहेत. एखाद्याचा पासवर्ड गेला की 'आमचं बँक खातं बदललंय' हा मेल दुसऱ्याच्या नावाने आतल्या आत फिरू शकतो. लॉगिन केलेल्या मेलमध्ये पाकिटावरचा पत्ता आणि 'फ्रॉम' वेगळे असतील तर नाकारायचा, असा छोटा नियम आरस्पॅमडीत लिहा.

वेगमर्यादा खात्यावर लावा. पोस्टफिक्सची स्वतःची मर्यादा आयपीवर चालते, आणि एका गाळ्यातली सगळी मशीनं बाहेरून एकाच आयपीची दिसतात. आरस्पॅमडीच्या 'रेटलिमिट'मध्ये लॉगिननुसार लावता येते, त्याला रेडिस (मोजणी साठवणारा डेटाबेस) लागतो. जॉबवर्कच्या ऑफिसला ताशी ६० आणि दिवसाला ३०० पत्ते पुष्कळ झाले. पासवर्ड चोरणारा काही मिनिटांत हजारो मेल रांगेत टाकतो. ही मर्यादा असेल तर साठावर अडकतो आणि तुम्हाला वेळ मिळतो.

खातं फुटलंच तर क्रम असा ठेवा. आधी 'पोस्टसुपर' कमांडने सगळी रांग 'होल्ड'वर टाका, म्हणजे नुकसान थांबतं. लॉगमध्ये 'सॅसल युजरनेम' शोधून खातं ओळखा आणि पासवर्ड बदला. डव्हकॉटची ऑथ कॅशे (लक्षात ठेवलेली लॉगिन) चालू असेल तर ती रिकामी करा, 'डव्हॲडम किक'ने चालू जोडण्या तोडा आणि पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा चालू करा, कारण आधीच आत शिरलेलं एसएमटीपी (मेल पाठवण्याचं) सत्र नुसता पासवर्ड बदलून बाहेर जात नाही. मग रांगेतले फक्त त्या खात्याचे मेल काढून बाकीचे मोकळे सोडा. रांग पुसताना शेजाऱ्यांची बिलं पुसू नका.

त्यानंतर राउंडक्यूबमध्ये त्या खात्याचे सीव्ह नियम (आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं ते) बघाच. चोर जाताना नियम ठेवून जातो. 'पेमेंट' किंवा 'इनव्हॉइस' शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इकडे वाचलेला म्हणून कचऱ्यात टाक, असा. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो.

स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या काळ्या यादीतून नाव काढायचा अर्ज भोक बुजवल्यानंतरच करा. आत येणारा मेल तपासायला स्पॅमहाउसची काळी यादी वापरत असाल तर सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड (डीएनएस रिझॉल्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी शोधून देणारा प्रोग्रॅम) ठेवा. ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारलं तर ते खरं उत्तर देत नाहीत, 'विचारण्यात चूक आहे' असा संकेत म्हणून १२७.२५५.२५५.२५४ देतात. तो संकेत 'यादीत आहे' असा वाचला गेला तर चांगले मेलही परत जातात.

---

रांगेतला_मेल

पाचशे_सत्त्याऐंशी यांच्याशी सहमत. त्यात भर म्हणून चालू झाल्यावर पहिल्या आठवड्यात येणाऱ्या तीन तक्रारी सांगून ठेवतो.

'कधी कधी मेल उघडतच नाही.' डव्हकॉटमध्ये एका खात्याला एका आयपीवरून मूळ मर्यादा १० जोडण्यांची असते. एकटं थंडरबर्ड पाचपर्यंत जोडण्या उघडतं. एकाच गाळ्यात तीन कॉम्प्युटरवर तेच 'सेल्स' खातं लावलं की पंधरा होतात. 'मेल मॅक्स युजर-आयपी कनेक्शन्स' ५० करा.

'अख्ख्या ऑफिसचा मेल बंद पडला.' कोणाच्या तरी फोनमध्ये जुना पासवर्ड राहिलेला असतो. फेलटूबॅन मूळ सेटिंगमध्ये १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटांची बंदी घालतो, आणि बंदी पडते ती त्या गाळ्याच्या आयपीवर. बंदी संपते, फोन पुन्हा चुकतो, पुन्हा बंदी. शेजाऱ्यांकडे स्थिर आयपी असेल तर तो वगळून ठेवा. नसेल तर चुकांची संख्या २० करा आणि पासवर्ड लांब द्या.

'ओटीपी उशिरा येतो.' हे ग्रेलिस्टिंगमुळे. अनोळखी सर्व्हरला 'थोड्या वेळाने ये' सांगितलं जातं. बँकेचा किंवा जीएसटी पोर्टलचा ओटीपी तोवर संपलेला असतो. ३१ खात्यांसाठी ग्रेलिस्टिंग सरळ बंद करा.

---

खातेवही

तांत्रिक बाजू वर नीट आली आहे. पण ताई, मला सगळ्यात मोठी अडचण वेगळीच दिसते. एमआयडीसीत शेजारी म्हणजे बऱ्याचदा एकाच ग्राहकाचे दोन व्हेंडर. टूल रूम आणि तुम्ही, दोघेही एकाच कंपनीच्या एकाच चौकशीला कोटेशन देऊ शकता, आणि टूल रूमचं कोटेशन तुमच्या ऑफिसमधल्या डिस्कवर पडलेलं असेल. तुम्ही ते वाचणार नाही. पण एखादी ऑर्डर त्यांच्या हातून थोडक्यात गेली की त्यांच्या मनात काय येईल ते सांगायला नको.

म्हणून माझं मत असं की सर्व्हर तुमच्या ऑफिसात ठेवूच नका. भारतातल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर सहाजणांनी मिळून घ्या, बिल तटस्थ डोमेनच्या नावाने, आणि रूटचा (सर्व्हरवरच्या सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड सहापैकी कोणाच्याही मालकाकडे नाही. देखभाल बाहेरच्या माणसाकडे द्या किंवा तुमच्याकडेच ठेवायची असेल तर लॉगिनची नोंद आपोआप दुसऱ्या गाळ्याच्या खात्यावर जाईल अशी सोय करा. सर्व्हर घेण्याआधी बाहेर जाणारा २५ पोर्ट उघडून मिळतो का ते विचारा. मोठ्या क्लाउडवाल्यांपैकी काहींकडे तो सुरुवातीला बंद असतो, अर्ज करावा लागतो, आणि गूगल क्लाउडवर तर बंदच धरून चाला.

डव्हकॉटच्या 'मेल-क्रिप्ट'ने खात्याच्या पासवर्डवरून मेल कुलूपबंद करता येतात. पण पासवर्ड विसरला की जुने मेल गेले, ते कोणालाच उघडता येत नाहीत. जिथे पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर असतो तिथे मी हे सुचवणार नाही.

तरी तुमच्याच ऑफिसात ठेवायचं ठरलं तर करार करा. महाराष्ट्रात आता साधा करारही ५०० रुपयांच्या मुद्रांकावर होतो. त्यात पुढच्या गोष्टी स्पष्ट लिहा: डोमेनची नोंदणी प्रत्येकाच्या स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेल-मोबाइलवर, कोणाच्याही मेलची प्रत मालकाच्या लेखी विनंतीशिवाय काढायची नाही, खातं फुटलं तर न विचारता बंद करायचा अधिकार सर्व्हर चालवणाऱ्याला, बॅकअप किती दिवसांचा आणि कुठे. नुकसानभरपाईचं कलम गप्पांत सोडू नका, मेल एक दिवस बंद राहिला तर कोण कोणाचं काय देणं लागतो ते आकड्यात लिहा, शून्य असेल तरी शून्य लिहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२अ करार मोडून माहिती उघड करण्याबद्दलच आहे, त्यामुळे करार दोन्ही बाजूंना आधार देतो.

दुसऱ्यांचे मेल वाहायला लागलात की त्या कायद्याच्या भाषेत तुम्ही मध्यस्थ होता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची. डेबियनमध्ये लॉग काही आठवड्यांतच पुसले जातात, लॉगरोटेटची मुदत वाढवा. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीशी (इंटरनेटवरून अचूक वेळ देणारी सेवा) जुळलेलं ठेवा. खर्चाची वाटणी बिलानेच घ्या, त्यावर जीएसटी लागेल आणि शेजाऱ्यांना त्याचं क्रेडिट मिळेल. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, तेव्हा बिलांचे मेल फक्त सर्व्हरवर आहेत आणि कोट्यात बसत नाहीत म्हणून पुसले, असं होऊ देऊ नका.

---

गाळा_सतरा

कोटेशनचं खरं आहे. टूल रूम आणि आम्ही एकाच ग्राहकाकडे आहोत. भाड्याच्या सर्व्हरचं मालकांपुढे ठेवते. एखादा शेजारी नंतर बाहेर पडला तर काय काय करावं लागेल?

---

पाचशे_सत्त्याऐंशी

त्यासाठी बॅकअप पहिल्या दिवसापासून डोमेननुसार वेगळा घ्या, म्हणजे जाणाऱ्याला त्याचा देता येतो आणि बाकीच्यांना हात न लावता पुसता येतो.

जायच्या दोन दिवस आधी त्याच्या एमएक्स नोंदीचा टीटीएल (इतर ठिकाणी नोंद किती वेळ लक्षात ठेवतात तो) ३०० सेकंदांवर आणा. नव्या ठिकाणी खाती उघडली की 'आयमॅपसिंक'ने मेल हलवा. एकदा आधी, आणि एमएक्स बदलल्यावर दुसऱ्यांदा, मधल्या वेळात आलेले मेल त्यात येतात. एसपीएफ आणि डीकेआयएम नव्या ठिकाणचे करा. तुमच्या सर्व्हरवरची त्याची खासगी किल्ली पुसा, जुन्या सिलेक्टरची (डीकेआयएम किल्लीच्या नावाची) नोंद मात्र आठवडाभर राहू द्या, म्हणजे वाटेत असलेले मेल पडताळता येतात.

आणि सगळे विसरतात ते हे. त्याचं डोमेन पोस्टफिक्सच्या व्हर्च्युअल यादीतून त्याच दिवशी काढा. ते यादीत राहिलं तर तुमचा सर्व्हर एमएक्स बघतच नाही, 'हे तर आपलंच' म्हणून मेल जुन्या खात्यात टाकतो. जगाचे मेल त्याला व्यवस्थित मिळतात आणि फक्त तुम्हा पाच शेजाऱ्यांचे मिळत नाहीत, पाठवणाऱ्याला काही चूकही दिसत नाही. यादीतून काढल्यावर शेजारच्या एखाद्या खात्यावरून त्याला एक मेल पाठवा आणि लॉगमध्ये तो नव्या सर्व्हरच्या नावाकडे गेलेला दिसतोय का ते बघा. मग यादीतून काढायला उशीर झाला त्या वेळेत जुन्या खात्यात काही पडलंय का ते तपासून त्याला द्या, आणि त्यानंतरच फोल्डर पुसा.